एसपुढचा एस: जेम्स, थॉमस आणि एका खुणेचा प्रवास

गेल्या व्याख्यानात आपण छापखान्यांनी भाषेला लावलेल्या शिस्तीबद्दल बोललो. शेवटी मागच्या रांगेतून एक प्रश्न आला होता. इंग्रजीत ‘जेम्सचे पुस्तक’ लिहायचे तर जेम्सच्या शेवटच्या एसनंतर नुसती ती वरची खूण द्यायची, की खूण देऊन आणखी एक एस लिहायचा? त्या दिवशी घड्याळाकडे बोट दाखवून आम्ही सुटका करून घेतली. आज काही सुटका नाही.

आधी एक कबुली. शाळेत आम्हाला शिकवलेला नियम असा होता: शब्दाच्या शेवटी एस असला की नुसती खूण, दुसरा एस द्यायचा नाही. एका परीक्षेत आम्ही चार्ल्सपुढे खूण देऊन एस लिहिला आणि अर्धा गुण गेला. शिक्षकांनी लाल शाईने तो एस असा काही खोडला होता की कागद फाटायचाच बाकी होता. पुढे कित्येक वर्षांनी इंग्रजी व्याकरणाची जुनी पुस्तके चाळताना कळले की तो एस अगदी योग्य होता. अर्ध्या गुणाचे दुःख आता उरलेले नाही, पण तो गेला कसा हे शोधताना जो इतिहास हाती लागला तो सांगण्यासारखा आहे.

सुरुवात वारांपासून करू. इंग्रजीतले वार मनातल्या मनात म्हणा. ट्यूजडे, वेन्सडे, थर्सडे. या तिन्हींच्या मधोमध एक एस आहे. तो काय करतोय तिथे? तो आपला ‘चा’ आहे! ट्यूजडे म्हणजे टीव या देवाचा दिवस, वेन्सडे म्हणजे वोडनचा दिवस. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, बऱ्याचशा पुल्लिंगी नामांची षष्ठी ‘एस्’ हा प्रत्यय लावून होत असे. राजा म्हणजे ‘क्युनिंग’, राजाचा म्हणजे ‘क्युनिंगेस’. आता संडे आणि मंडे म्हणून बघा. तिथे एस नाही. कारण सूर्य आणि चंद्र यांचे जुने शब्द वेगळ्या गणातले होते, त्यांची षष्ठी ‘अन्’ लावून व्हायची. फ्रायडे तर देवीच्या नावावरून आलेला, स्त्रीलिंगी, त्याचा प्रत्यय आणखी वेगळा. म्हणजे ज्या भाषेत आज मालकी दाखवायला एकच प्रत्यय आहे, त्या भाषेत तेव्हा आपल्या संस्कृतसारखी वेगवेगळ्या नामांची वेगवेगळी षष्ठी होती. आठवड्याच्या सात दिवसांत तिचे अवशेष अजून दिसतात. आपण सोमवार, मंगळवार म्हणतो तेव्हा मधला ‘चा’ समासात गिळलेला असतो, षष्ठी तत्पुरुष. त्यांनी गिळला नाही, इतकेच.

1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. राजदरबाराची भाषा फ्रेंच झाली आणि इंग्रजी शेतात, बाजारात, स्वयंपाकघरात राहिली. प्रत्ययांची झीज आधीपासूनच चालू होती, ती आता वेगाने झाली. पुढच्या दोन-तीन शतकांत बाकीचे षष्ठी प्रत्यय गळून पडले आणि ‘एस्’ हा एकटाच सगळ्यांना लागू झाला. पुल्लिंग, स्त्रीलिंग, सगळ्यांना. आपल्याकडे चा, ची, चे आहे आणि तो प्रत्यय मालकीच्या वस्तूप्रमाणे फिरतो: रामाचा घोडा, रामाची गाडी, रामाचे घर. इंग्रजी प्रत्यय कोणाकडेच बघत नाही.

त्या ‘एस्’मध्ये एक स्वर होता, हे लक्षात ठेवा. ‘किंगेस’, ‘स्टोनेस’ असे उच्चार होते. हळूहळू तो स्वर बोलण्यातून गेला. किंगेसचे किंग्ज झाले. पण एका ठिकाणी मात्र तो जाऊच शकला नाही. ज्या शब्दाच्या शेवटी आधीच स, झ, श, च असा सीत्कारणारा आवाज आहे, तिथे स्वराशिवाय दुसरा स कसा उच्चारणार? जेम्स आणि त्यापुढे लगेच स? जीभ नकार देते. म्हणून तिथे स्वर टिकला आणि आजही लोक ‘जेम्सिस’ असेच म्हणतात. ही गोष्ट थोडी बाजूला ठेवू, तिच्याकडे परत यायचे आहे.

आता सोळावे-सतरावे शतक. या काळात लोकांना एक गमतीशीर भ्रम झाला. ‘जेम्सिस बुक’ हे ऐकायला ‘जेम्स हिज बुक’ असे वाटते, कारण पटकन बोलताना ‘हिज’मधला ह पडतो. मग लिहिणाऱ्यांना वाटले, अरे, हा प्रत्यय म्हणजे मुळात ‘हिज’ असणार! ‘जेम्स, त्याचे पुस्तक.’ आणि तसे लिहायला सुरुवात झाली. आपल्याकडेही बोलताना ‘ते पाटील, त्यांचं घर’ असं म्हणतातच की. विशेष म्हणजे ही रीत एसने संपणाऱ्या नावांपुढे फार सोयीची होती. बेन जॉन्सनने रोमन सत्ताधारी सेजेनसवर नाटक लिहिले, ते 1605 मध्ये छापले गेले आणि त्याचे नाव ‘सेजेनस हिज फॉल’. सेजेनसचे पतन. नावाच्या शेवटी एस, त्यापुढे खूण द्यायची की एस द्यायचा ही कटकटच नाही. 1662 च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातही येशू ख्रिस्ताच्या नावापुढे हेच ‘हिज’ येते, आणि प्रार्थना कोणी सहजी बदलत नाही, त्यामुळे ती रीत तिथे अजून ऐकू येते.

आता ती खूण. अ‍ॅपॉस्ट्रॉफी. शब्द मूळ ग्रीक, अर्थ साधारण ‘दुसरीकडे वळणे’. ही खूण छापखान्यात रुजवली सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या फ्रेंच मुद्रकांनी. त्यात जॉफ्रुआ तोरी याचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. फ्रेंचमध्ये दोन स्वर जवळ आले की पहिला गळतो, तो गळला आहे हे दाखवायला ही खूण. आपल्या ओळखीचे उदाहरण द्यायचे तर संस्कृतातला अवग्रह. ‘सोऽहम्’मधले ते चिन्ह. इथे एक ‘अ’ होता, संधीत गेला, त्याची आठवण म्हणून ही खूण. अ‍ॅपॉस्ट्रॉफी आणि अवग्रह हे कामाने भाऊच. लोपाची खूण, मालकीची नव्हे. इंग्रजी मुद्रकांनी ती उचलली तीसुद्धा गळलेली अक्षरे दाखवायला. शेक्सपिअरच्या काळात षष्ठीला ती क्वचितच लागत असे. ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’ या नाटकाच्या 1598 च्या छापील प्रतीच्या मुखपृष्ठावर एकही खूण नाही. आज त्याच नावात पंडित लोक खुणा मोजत बसतात.

मग लोपाची खूण मालकीला कशी चिकटली? दोन कारणे एकत्र आली. एक, खरेच एक स्वर गळला होता, ‘एस्’मधला. दुसरे, ‘हिज’चा भ्रम: लोकांना वाटले की ‘हि’ ही अक्षरे गळली आहेत आणि त्यांची ही खूण. 1711 मध्ये जोसेफ अ‍ॅडिसनसारखा मोठा निबंधकारही ‘स्पेक्टेटर’मध्ये असेच सांगत होता, की हा एकटा एस म्हणजे आपल्या पूर्वजांचे ‘हिज’ आणि ‘हर’. 1755 मध्ये डॉ. सॅम्युएल जॉन्सनने आपल्या कोशाला जोडलेल्या व्याकरणात या कल्पनेची हवा काढली. त्याचा मुद्दा सरळ होता: बाईच्या नावालाही हाच एस लागतो, तिथे ‘हिज’ कुठून आले? सात वर्षांनी रॉबर्ट लाउथनेही आपल्या व्याकरणात अ‍ॅडिसनची चूक दाखवली. भ्रम गेला, पण त्याच्यामुळे आलेली खूण राहिली. चुकीच्या पत्त्यावर आलेले पाहुणे घरचेच होऊन बसतात, तसे झाले.

आता बाजूला ठेवलेली गोष्ट पुढे आणू. खूण म्हणते, ‘इथे एक स्वर होता, तो गळला.’ पण जेम्सच्या बाबतीत तो स्वर गळलेलाच नाही! ‘जेम्सिस’ म्हणताना तो स्पष्ट ऐकू येतो. म्हणजे ज्या नावांवरून आज सगळ्यात जास्त भांडणे होतात, त्या एसने संपणाऱ्या नावांत ही खूण मुळात खोटे बोलते आहे. आणि ती नावे हजार वर्षांपूर्वीचा प्रत्यय जवळजवळ तसाच उच्चारत आहेत. आम्हाला हे पहिल्यांदा उमगले तेव्हा आमचा तो अर्धा गुण आठवून बराच वेळ हसू येत होते.

मग ‘एस असला की नुसती खूण’ हा नियम आला कुठून? तो अनेकवचनांसाठी केलेला नियम आहे. मुलगे, त्यांची शाळा. अनेकवचनाचा एस आधीच आहे, त्यावर षष्ठीचा एस बोलण्यात कधीच येत नाही, मग लिहिण्यात कशाला? म्हणून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे एसनंतर नुसती खूण देण्याची रीत बसली. खरे तर तिथेही काही गळलेले नाही. ती खूण फक्त डोळ्यांसाठी आहे, एकाची मालकी की अनेकांची हे कागदावर कळावे म्हणून. हा नियम शिकवायला सोपा. शिकवताना ‘अनेकवचनी’ हा शब्द गळतो आणि ‘शेवटी एस असला की’ एवढेच उरते. मग चार्ल्स, जेम्स, थॉमस ही एकटीदुकटी माणसे उगाच अनेकवचनात भरती होतात. इंग्रजी ऐकण्याआधी वाचायला शिकणाऱ्या आपल्यासारख्यांच्या बाबतीत हे जास्त घडते, कारण ‘जेम्सिस’ हा आवाज कानावर पडलेलाच नसतो.

विसाव्या शतकात यावर दोन पक्ष पडले. अमेरिकेत विल्यम स्ट्रंक या प्राध्यापकाने 1918 मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक छोटी पुस्तिका काढली. तिचा पहिलाच नियम हा: एकवचनी षष्ठीला खूण आणि एस द्या, शेवटचे अक्षर कोणतेही असो. आणि त्याने दिलेले उदाहरण चार्ल्सचेच होते! (परीक्षेत ती पुस्तिका बरोबर नेता आली असती तर!) अपवाद त्याने थोडे ठेवले, येशू, मोझेस आणि प्राचीन नावे. हे अपवादही कानाचेच आहेत. मोझेस, सॉक्रेटिस, अकिलीस यांच्यापुढे आणखी एक ‘इस’ लावला की तोंडात नुसती शिट्टी वाजते. इंग्लंडमध्ये फाउलरने 1926 च्या आपल्या प्रसिद्ध वापरकोशात साधारण तोच कौल दिला: पूर्वी नुसती खूण देत, आता एस द्यावा, कविता आणि धार्मिक संदर्भ तेवढे जुन्या वळणावर असू द्यावेत. दुसरा पक्ष वृत्तपत्रांचा. असोसिएटेड प्रेसची शैलीपुस्तिका विशेषनामाच्या शेवटी एस असेल तर नुसती खूण द्या असे सांगते, आणि अमेरिकेतली कित्येक वर्तमानपत्रे तिच्याप्रमाणे चालतात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ मात्र एस देतो. 2024 च्या निवडणुकीत कमला हॅरिस उमेदवार झाल्या तेव्हा हा घरगुती वाद अचानक पहिल्या पानावर आला. एकाच सकाळी दोन वर्तमानपत्रांत एकाच बाईंची षष्ठी दोन प्रकारे.

हे सगळे संपादकांच्या टेबलावरचे भांडण वाटेल. पण एक जागा अशी आहे जिथे हा फरक वाचताना अंगावर काटा येतो. 26 जून 2006 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘कॅन्सस विरुद्ध मार्श’ या खटल्याचा निकाल दिला. प्रश्न फाशीचा होता. गुन्ह्याची तीव्रता वाढवणारी कारणे आणि दया दाखवावी अशी कारणे समसमान भरली, तर कायद्याने आरोपीला मृत्युदंड देता येईल का? कॅन्सस राज्याचा कायदा म्हणत होता, येईल. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने तो कायदा घटनेला धरून आहे असे ठरवले. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिले, मुख्य भिन्न मत न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी. आणि ‘कॅन्ससचा कायदा’ हे शब्द लिहिताना थॉमस यांनी नुसती खूण दिली, सूटर यांनी खूण देऊन एस दिला. एका माणसाने जगावे की मरावे यावर न्यायमूर्तींची मते फुटलीच, पण ज्या राज्याबद्दल ते बोलत होते त्या राज्याच्या षष्ठीवरही ती जुळली नाहीत. खुणेने निकाल फिरला असे अर्थातच नाही. पण ज्या कायद्याच्या एकेका शब्दावर कोणाचे प्राण टांगलेले असतात, तिथे शब्द लिहिण्याची रीतसुद्धा एक नसावी, हे आम्हाला विचारात पाडते. आणि गंमत अशी की नुसत्या खुणेवर समाधान मानणाऱ्या न्यायमूर्तींचे स्वतःचे आडनाव थॉमस!

आर्कान्सा राज्याने वेगळाच मार्ग धरला. या नावाच्या शेवटचा एस लिहितात पण उच्चारत नाहीत, आणि तो उच्चारू नये असा ठराव तिथल्या विधिमंडळाने 1881 मध्ये केलेला आहे. 2007 मध्ये षष्ठीबद्दलही ठराव झाला: खूण देऊन एस लिहावा. तर्क पटण्यासारखा आहे. मूळ नावातला एस जर मुका आहे, तर मालकीचा आवाज देणार कोण? त्यासाठी दुसरा एस हवाच. तो ठराव कोणावर बंधनकारक नव्हता, तरीही एका राज्याच्या आमदारांनी व्याकरणावर हात वर करावेत हे दृश्य डोळ्यांपुढे आणून बघा.

ठिकाणांच्या नावांत तर पाहायलाच नको. लंडनच्या राजवाड्याजवळचे उद्यान ‘सेंट जेम्स’स पार्क’, खूण आणि एस दोन्ही. न्यूकॅसल युनायटेडचे फुटबॉल मैदान ‘सेंट जेम्स’ पार्क’, नुसती खूण. नाव एकच. लंडनच्या भुयारी रेल्वेत पिकॅडिली लाइनवर अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही शेजारशेजारची स्टेशने. पहिल्याला खूण आहे, दुसऱ्याला नाही. अमेरिकेत तर 1890 मध्ये स्थापन झालेले भौगोलिक नावांचे मंडळ नकाशावर मालकीची खूण ठेवूच देत नाही. आजवर मोजून पाच ठिकाणांना सूट मिळाली, त्यातले पहिले 1933 मध्ये मार्थाज विनयार्ड. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या पालिकेने 2009 मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवरून खुणा काढायचे ठरवले. केंब्रिजने नव्या नावांत तसेच केले, तेव्हा लोक रात्री जाडे पेन घेऊन पाट्यांवर खुणा काढू लागले आणि 2014 मध्ये पालिकेला माघार घ्यावी लागली. जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकाराने 2001 मध्ये या खुणेच्या रक्षणासाठी संस्थाच काढली होती. 2019 मध्ये, वयाच्या 96 व्या वर्षी, त्यांनी ती बंद करत असल्याचे जाहीर केले आणि अज्ञान व आळस जिंकले असे म्हटले. रिचर्ड्स यांचे आडनावही एसने संपते, हे चाणाक्ष श्रोत्यांच्या लक्षात आले असेलच.

लंडनच्या एका इस्पितळाची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगायला हवी. थेम्सकाठचे सेंट थॉमस हॉस्पिटल, जिथे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1860 मध्ये परिचारिकांची शाळा सुरू केली. आज ते स्वतःचे नाव नुसत्या खुणेने लिहिते. पण हा थॉमस कोण? मुळात थॉमस बेकेट, राजाशी भांडून चर्चमध्येच मारला गेलेला आर्चबिशप. आठव्या हेन्रीने रोमशी नाते तोडले तेव्हा 1538 मध्ये बेकेटचे संतपद काढून घेतले, कारण राजाला विरोध करणारा संत राजाला कसा परवडणार? इस्पितळ बंद पडले आणि 1551 मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा ते येशूचा शिष्य संत थॉमस याच्या नावे केले. अक्षरे तीच राहिली, मालक बदलला! एसपुढे एस आहे की नाही यावर आपण भांडतो, पण इथे षष्ठी कोणाची हेच एका राजाच्या हुकमाने पालटले.

हाच दुसरा थॉमस आपल्या मुंबईतही आहे. फोर्टमधले सेंट थॉमस कॅथेड्रल 1718 च्या नाताळात प्रार्थनेसाठी उघडले. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून तिकडे जात तो चर्चगेट. त्या चर्चचे नाव इंग्रजीत खूण देऊन, खूण आणि एस देऊन आणि काहीच न देता, अशा तिन्ही तऱ्हांनी लिहिलेले तुम्हाला सापडेल. मराठीत आपण सरळ ‘सेंट थॉमसचं चर्च’ म्हणतो आणि मोकळे होतो.

कारण मराठीला शेवटच्या स ची अडचणच नाही. आपला प्रत्यय च ने सुरू होतो. आपली फजिती प्रत्ययाच्या आधी होते, सामान्यरूपात. कापूस पण कापसाचा, पाऊस पण पावसाचा, माणूस पण माणसाचा. रामदास आदराने म्हटले तर रामदासांचा, वर्गातला मित्र असेल तर हल्ली नुसते रामदासचा. व्यासाचा म्हटले की महाभारतकार की वर्तुळाचा व्यास हे पुढच्या शब्दावरून ठरते. परकी नावे मात्र आपण जशीच्या तशी ठेवतो: जेम्सचा, पॅरिसचा, टाइम्सचा. आणि कधी कधी तर इंग्रजी षष्ठीवर आपली षष्ठी चढवतो. 1869 मध्ये सुरू झालेल्या सेंट झेवियर्स कॉलेजचे नाव घ्या. झेवियर्स म्हणजेच झेवियरचे. पण आपण म्हणतो, ‘तो झेवियर्सचा आहे.’ झेवियरच्याचा! कोणाला काही खटकत नाही आणि खटकायचे कारणही नाही. त्यांची षष्ठी आपल्यासाठी नावाचाच भाग झाली.

तर मागच्या रांगेतला प्रश्न. पुस्तकात लिहीत असाल, प्रबंधात लिहीत असाल, तर खूण द्या आणि एस द्या. तोंडाने ‘जेम्सिस’ म्हणता तर हाताने तसेच लिहा. अमेरिकी वृत्तसंस्थेत नोकरी लागली तर त्यांची पुस्तिका पाळा. येशू, मोझेस आणि सॉक्रेटिस यांना नुसती खूण पुरे. आणि आपल्यापैकी कोणी शिक्षक असाल, उत्तरपत्रिका तपासत असाल आणि चार्ल्सपुढे खूण देऊन एस लिहिलेला दिसला, तर कृपा करून तो अर्धा गुण कापू नका. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ. तिकडे खिडकीजवळ हात वर आहे, बोला.